अर्धा इंच

१

त्या स्टुडिओत रात्र दुपारी बाराला व्हायची.

त्यात नवल काही नव्हतं. मूकपटांचे दिवस होते, दिव्यांच्या उजेडावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून छतच काचेचं बांधलं होतं. सूर्य डोक्यावर आला की कामगार छताखाली मलमलीचे लांब पडदे ओढून घेत. ऊन त्यातून गाळून खाली यायचं, सगळीकडून सारखं, पातळ दुधासारखं. त्या लख्ख उजेडात नटनट्या हातात मेणबत्त्या धरून चाचपडत चालायच्या, दचकायच्या, भिंतीला टेकायच्या. नंतर ती फिल्म निळ्या रंगात बुडवली की झाली रात्र.

शिवणखोली स्टुडिओला लागूनच होती. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिथे बावीस वर्षं एकच बाई मशीनवर बसत असे आणि सगळे तिला शिवणबाई म्हणत. शिवणबाईंना या धंद्याची खोड पाठ झाली होती. लाल रंग फिल्मवर काळा उतरतो, फिकट निळा पांढरा दिसतो, आणि खरा पांढरा नुसता भगभगतो. त्यामुळे पडद्यावरच्या शुभ्र नवऱ्या त्यांच्या हाताखालून निळ्या होऊन जायच्या.

"दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं," रंगवाला म्हणायचा. तो नटांचे चेहरे आणि देखाव्याच्या भिंती रंगवायचा आणि चहाच्या वेळेला शिवणखोलीत येऊन बसायचा. "आणि जग फसतं म्हणून आपलं पोट भरतं, काय शिवणबाई?"

शिवणबाई हसायच्या आणि दोरा ओवायच्या. नाकासमोर चालणारी बाई. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण गेली तेव्हा तिची सहा वर्षांची मुलगी घरी आणली आणि वाढवली. गोबऱ्या गालांची, टुकटुकीत, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून तिचं नाव ठकी पडलं. आता ती एकोणीस वर्षांची होती, बटणं-हुकांचं काम करायची, आणि जीभ सुईपेक्षा टोकदार होती.

त्या वर्षी एका पाहुण्याची गोष्ट चित्रित होत होती. एका घरात आजारी मुलगी आहे, आणि तिच्या खोलीत रात्री कुणीतरी येतं, एवढीच गोष्ट. ठरलेल्या नटीनं चौथ्या दिवशीच काम सोडलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, "झोप येते." एवढंच. तिचा निळा झगा अर्धवट राहिला होता. त्याची खालची दुमड घ्यायची म्हणून शिवणबाईंनी तो ठकीला घालून स्टुलावर उभं केलं, आणि नेमके साहेब दारातून गेले. साहेब म्हणजे दिग्दर्शक. ते परत मागे आले, ठकीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हिलाच घेऊ."

ठकीच्या तोंडातली टाचणी खाली पडली. आणि शिवणबाईंना काय वाटलं म्हणाल, तर अभिमान वाटला. बावीस वर्षं दुसऱ्यांना सजवून आत पाठवलं होतं. आज घरचं माणूस त्या भिंतीपलीकडे जाणार होतं.

२

पाहुण्याचा कोट शिवणबाईंनीच शिवला. काळा, लांब, गळ्यापर्यंत बंद. नट मापाला आलाच नाही. मापांची चिठ्ठी आली. छाती अडतीस. अशा चिठ्ठ्या नेहमीच्याच होत्या. कपड्यात काही दुरुस्ती हवी असली की त्याच्या बाहीला चिठ्ठी टाचायची, अशी तिथली पद्धत होती, म्हणजे कुणाला सांगत बसायला नको.

संध्याकाळी रंगवाला सगळे कपडे शिवणखोलीत आणून टांगायचा. पहिला आठवडा संपल्यावर, सोमवारी, कोटाच्या बाहीला चिठ्ठी होती: अर्धा इंच सैल करावा.

शिवणबाईंनी कोट उलटा केला आणि थांबल्या. कपडा उलटा केला की माणूस कळतो, असं त्या म्हणायच्या. कोण घामट आहे, कोण मान घासतो, कोण खिशात हात घालून उभा राहतो. या कोटाच्या गळपट्टीवर मळ नव्हता. काखेत ओल नव्हती. कोपरांना सुरकुती नव्हती. काचेच्या छताखाली, बारा वाजता, बंद गळ्याचा लोकरी कोट घालून माणूस आठवडाभर उभा राहतो आणि घामाचा थेंब नाही?

"फार स्वच्छ आहे बाई हा माणूस," त्या म्हणाल्या.

"मोठ्या लोकांना घामही विचारून येतो," रंगवाला म्हणाला आणि कप ठेवून निघून गेला.

असेल. आतून वेगळा सदरा घालत असेल. शिवणबाईंनी मागची शिवण अर्धा इंच सोडली, इस्त्री केली, आणि पुरुषांच्या वहीत नोंद केली. बायकांच्या मापांची वही वेगळी, पुरुषांची वेगळी, हा त्यांचा नेम.

त्याच सोमवारी ठकीचा झगा थोडा ढगळ झाल्यासारखा वाटला. छातीला फीत लावून पाहिली. तेहतीसची साडेबत्तीस.

"खात नाहीस नीट."

"खाते की. तूच वाढतेस आणि तूच विचारतेस."

"मग फीत ताणली असेल," शिवणबाई म्हणाल्या आणि दोन्ही बाजूंनी टाके घालून झगा अंगाबरोबर केला. ठकी आरशासमोर वळली. झगा इतका सुरेख बसला होता की काही कमी झालंय असं कुणालाही वाटलं नसतं.

३

चित्रण चालू असताना आत कुणी जायचं नाही, असा साहेबांचा नियम होता. मुलगी अर्धवट झोपेत वाटली पाहिजे, मध्येच कुणी दिसलं की चेहरा जागा होतो, असं ते म्हणत. शिवणबाईंना फळ्यांच्या भिंतीतून फक्त आवाज यायचे. साहेबांचं हळू बोलणं, शब्द न कळणारं. मग कॅमेऱ्याची दांडी फिरायला लागायची, कट् कट् कट्, एकसारखी. त्या आवाजाला शिवणबाईंचा पाय नकळत लय धरायचा. कॅमेरा थांबला की मशीनही थांबलेली असायची. बाहेर भर दुपार, रस्त्यावर गाड्या, भाजीवाल्यांची हाळी, आणि इथे मांडीवर अर्धी बाही घेऊन त्या फळ्यांकडे बघत बसलेल्या.

"आत करतेस तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे, मावशी. पडून राहायचं. बाकी सगळं दुसरंच कुणीतरी करतं."

"कोण?"

ठकीनं जरा विचार केला. "साहेब सांगतात, डोळे मिट. मी मिटते. एवढा उजेड असतो की पापण्यांच्या आतसुद्धा पांढरं दिसतं. आणि तरी थंडी वाजते."

"पण तो नट? कसा आहे माणूस?"

"मी कुठे बघितलाय? डोळे मिटलेले असतात म्हटलं ना!"

दर सोमवारी अर्धा इंच. शिवणबाईंनी फीत लाकडी पट्टीवर ठेवून पाहिली; फीत बरोबर होती. मग पट्टीवर संशय घेतला, दुसऱ्या पट्टीला लावून पाहिली. ठकीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पापणी खाली ओढून आत पाहिलं, दूध-अंडी द्या, ऊन घेऊ द्या म्हणाला.

"ऊनच तर घेते दिवसभर," ठकी म्हणाली.

दूध-अंडी झाली. रात्री शिवणबाई तिच्या पायांना तेल चोळायच्या आणि पाय थंडच राहायचे. सोमवारी पुन्हा टाके. पोरगी वाळली तर तिला थांबवावं, हे कुणालाही सुचलं असतं. पण कपडा अंगाला बसत नसेल तर कपडा बदलायचा, हे शिवणबाईंच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायच्या आतच हात चालायचे. प्रत्येक सोमवारी ठकी शिवणखोलीतून बाहेर पडायची ती अगदी मापात.

४

फिल्म धुण्याच्या खात्यात एक बाई होती, सगळे तिला वहिनी म्हणत. तिचे हात रसायनानं तपकिरी झालेले, आणि मन मऊ. नवव्या आठवड्यात ती दारात येऊन म्हणाली, "चला शिवणबाई, पोरगी कशी दिसते बघायची नाही का? सुकत घातलीय."

खोलीत दोऱ्या बांधून फिल्मच्या लांब पट्ट्या लटकवल्या होत्या. वहिनीनं एक पट्टी खिडकीसमोर धरली आणि भिंग दिलं.

शिवणबाईंनी पाहिलं. ठकी! गाल भरलेले, मान गोल, हात असे की चिमटा काढावासा वाटावा. आठवड्यामागून आठवड्याच्या पट्ट्या वहिनी दाखवत गेली, आणि प्रत्येक पट्टीत ठकी आधीच्यापेक्षा टवटवीत होती. घरी चादरीखाली जी पडलेली असायची, ती ही नव्हतीच.

"कॅमेरा माणसाला जाड दाखवतो," वहिनी म्हणाली. "सगळ्याच नट्या रडतात त्यासाठी."

असेल. शिवणबाईंनी भिंग जरा सरकवलं. पलंगाच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर एका माणसाची सावली. पहिल्या चौकटीत दाराशी. खालच्या चौकटींत हळूहळू पलंगाजवळ.

"वहिनी, मलमलीखाली बारा वाजता सावली पडते का?"

"नाहीच पडत. रंगवाला रंगवतो की भिंतीवर."

"रंगवलेली सावली चालते?"

वहिनीनं भिंग घेतलं, पाहिलं आणि परत दिलं. "काहीतरी युक्ती असेल. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेतात. आधी मुलगी, मग पाहुणा. तो नट तर अजून आलेलाच नाही ना. पुढच्या महिन्यात यायचाय."

शिवणबाईंनी भिंग खाली ठेवलं.

"आलेला नाही?"

"आगबोटीवर आहे म्हणे अजून. का हो?"

५

रंगवाला ब्रश धूत होता. शिवणबाईंनी त्याच्यापुढे कोटाच्या बाहीवर दर सोमवारी आलेल्या चिठ्ठ्यांची चळत ठेवली.

"या कोण देतं तुम्हाला?"

"देतं म्हणजे? कोटाला टाचलेल्याच असतात. मला वाटलं तुमच्याच आहेत. तुमच्या आठवणीसाठी."

"मी कशाला माझ्यासाठी चिठ्ठी लिहीन?"

"मग साहेबांच्या असतील." त्यानं पहिल्यांदाच विनोद केला नाही. "कोट मी सकाळी आत खुंटीला लावतो आणि संध्याकाळी काढतो. मधे कोण घालतं ते मी बघायला जात नाही. मी रंगवतो त्या भिंतीला नुसत्या भेगा आहेत, शिवणबाई. सावली मी काढलेली नाही. मला तशी काढायला सांगितलेलंच नव्हतं."

खोलीत येऊन शिवणबाईंनी दोन्ही वह्या पहिल्यांदा शेजारी शेजारी उघडल्या. तेहतीसपासून खाली उतरत गेलेली ओळ, साडेअठ्ठावीसपर्यंत. अडतीसपासून वर चढत गेलेली ओळ, साडेबेचाळीसपर्यंत. तारखा त्याच. अक्षर त्यांचं. शाई एका दौतीतली. एका हातानं घेतलं होतं, दुसऱ्या हातानं सोडलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी सरळ सांगितलं. "उद्यापासून जायचं नाही."

ठकी भिंतीला टेकून बसली होती. हसली. "माझा शेवटचा दिवस आहे उद्या. शेवटच्या दिवशी जाऊ नको?"

"तू खंगलीयस, ठके."

"तुला नऊ आठवड्यांनी दिसलं? दर सोमवारी तर मापं घेतेस."

शिवणबाईंनी तिच्या पायांवर चादर ओढली.

"तूच म्हणाली होतीस ना, घरचं माणूस पडद्यावर जाईल. मग? मधेच सोडून काय करू? तुझ्यासारखी दुसऱ्यांच्या अंगावर टाचण्या लावत म्हातारी होऊ?" मग तिचा आवाज उतरला. "मावशी, तिथे मला बरं वाटतं गं. कुठेतरी भरत जातेय असं वाटतं. घरी आले की रिकामं होतं."

सकाळी शिवणबाई साहेबांकडे गेल्या. साहेब नम्र माणूस होते. उभे राहिले, खुर्ची दिली. म्हणाले, "तिचा एकच प्रवेश राहिलाय. आज थांबवलं तर सगळंच फुकट. पडद्यावर बघा तुम्ही तिला, किती गोड दिसते." बोलताना ते बाईंकडे बघत होते, पण डोळे असे की पापण्यांच्या आतलं काहीतरी बघताहेत. तेही झोपेतच होते की काय कोण जाणे.

जी माणसं तोंडानं भांडू शकत नाहीत, ती हातानं काहीतरी करून बसतात. शिवणबाई खोलीत आल्या, दार लावलं, कोट मांडीवर घेतला. नऊ आठवड्यांत सोडलेलं सगळं त्यांनी एका तासात परत घेतलं. साडेचार इंच. दुहेरी दोरा, मेण लावलेला, बारीक टाके. मग ठकीचा झगा घेतला आणि त्याच्या सगळ्या शिवणी उसवून तो पहिल्यासारखा केला, तेहतीस.

बाजूला सोडलेली जागा दिसली की अंग आपोआप तिच्यात परत येईल, असं त्यांना वाटलं. वेडेपणा म्हणा. पण दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

झगा ठकीच्या खांद्यांवरून पडद्यासारखा लोंबला. तिनं तो मुठीत धरला, मावशीकडे पाहिलं आणि आत गेली.

६

बारा वाजले. साहेबांचं हळू बोलणं सुरू झालं, मग थांबलं. दांडी फिरू लागली. कट् कट् कट्.

शिवणबाईंनी मशीनवर पाय ठेवला नाही. हात मांडीवर घेऊन बसल्या.

बराच वेळ काही नाही. मग फळ्यांपलीकडून एक आवाज आला, आणि तो दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. कापड फाटतं तेव्हा ओरडतं. शिवण ओरडत नाही. एकेक टाका तुटत जातो, टक, टक, टक, जसं कुणी दात मोजतंय. आत काहीतरी फुगत असलं की तशी शिवण जाते. सावकाश.

नियम मोडून त्यांनी दार उघडलं.

समोर चित्रात धुकं वाटावं म्हणून लावलेला मलमलीचा पडदा होता, त्यांनीच शिवलेला. त्यातून सगळं पांढुरकं दिसत होतं. कॅमेऱ्याजवळचा माणूस दांडी फिरवत होता, एकसारखी, आणि त्याचे डोळे मिटलेले होते. साहेब खुर्चीत, हनुवटी छातीला. पडदे ओढणारे कामगार भिंतीला टेकून उभे, दोऱ्या हातात, झोपलेले. एवढ्या उजेडात कुणाचीच सावली नव्हती. पलंगामागच्या भिंतीवर मात्र एक होती, वाकलेली.

पडद्याच्या कडेनं शिवणबाई पुढे आल्या. पलंगावर निळा झगा नीट पसरलेला होता, त्याच्यावर काळा कोट वाकलेला. उशीवर केस होते, तोंड भिंतीकडे. झग्यात जेवढं माणूस असायला हवं तेवढं नव्हतं. त्यांनी बाहीत हात घालून ठकीचा हात शोधला. सापडला. बाहीपेक्षा जड नव्हता.

"ठके," त्या म्हणाल्या.

उशीवरचे केस हलले नाहीत. पलंगावर वाकलेला कोट मात्र हलला. उजवा खांदा किंचित वर गेला आणि खाली आला, कुणी कामात असताना हाक मारली की 'आले गं' म्हणून उडवावा तसा.

कोटाची पाठ त्यांच्याकडे होती. गळ्याखालून कमरेपर्यंत मधली शिवण उसवली होती, चार बोटं रुंद. आत सदरा नव्हता. आत कातडी होती. गोरी, भरलेली, एकोणीस वर्षांची. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर जोडतीळ होता, मोहरीएवढे दोन. आधी आंघोळ घालताना, मग मापं घेताना शिवणबाईंनी तो तेरा वर्षं पाहिला होता.

दांडी फिरत होती.

"शिवणबाई," साहेब म्हणाले. डोळे मिटलेलेच, आवाज नम्र. "पाठ उसवलीय. जागच्या जागी घ्या. थांबता येणार नाही, ऊन सरकेल."

त्यांना पळता आलं असतं. झगा कवटाळून, त्यात जे काही उरलं होतं ते घेऊन, दारातून बाहेर, उन्हात. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग पाठीकडे. शिवण आणखी फाडावी आणि तिला बाहेर काढावी, असंही मनात आलं. पण ती बाहेर येईल की सांडेल, हे सांगायला कुणी नव्हतं. उघड्या फटीवर गार हवा लागून कातडीवर काटा आला होता. तो त्यांना दिसला, आणि मग बाकी काही दिसेना.

त्यांनी छातीवर खोचलेली सुई काढली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला. सुई टोचू नये म्हणून डावा हात फटीतून आत घातला, आणि तळवा पाठीला टेकला. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदा ऊबदार लागली.

"श्वास धरून ठेव हं, बाळा," त्या कुजबुजल्या. "थोडंच राहिलंय."

आणि कोटानं श्वास धरला.